शिबिरात स्वयंपाक कोण करणार?

मी एका महाविद्यालयात काही वर्षं राष्ट्रीय सेवा योजनेची कार्यक्रम अधिकारी होते. सात दिवसांच्या हिवाळी शिबिराला मुलांना, त्यातही मुलींना, पाठवायचं म्हटलं की पालकसभा घ्यावी लागे. त्या सभांमध्ये धर्माबद्दलचा प्रश्न मला कधीच कुणी पहिला विचारला नाही. पहिला प्रश्न ठरलेला होता: स्वयंपाक कोण करणार? मग झोपायला शाळेची खोली आहे का, संडासला आतून कडी आहे का, रात्री मॅडम स्वतः मुक्कामाला असणार ना? पुण्याच्या सदाशिव पेठेतली आई हेच विचारायची आणि मुस्लीम वस्ती मोठी असलेल्या कोंढव्यातली आईही हेच विचारायची. फरक एवढाच, की पहिली सभेत हात वर करून विचारायची, दुसरी सभा संपल्यावर मला जिन्यात गाठून.

वेगवेगळ्या धर्मांच्या तरुणांची, जमल्यास त्यांच्या कुटुंबांसह, सेवाशिबिरं व्हावीत असं पुण्यात अनेकांना वाटतं. मलाही मनापासून वाटतं. पण शिबिर म्हणून आपण जे करतो, त्याने ते साधेल असं मला वाटत नाही. व्यासपीठावर प्रत्येक धर्माचा एकेक पाहुणा, प्रत्येक धर्माची एकेक प्रार्थना, फेटा-टोपी-पगडी घातलेल्या मुलांचा फोटो, मग भोजन. संध्याकाळी सगळे आपापल्या भागात परत. जाताना कुणाला कुणाचं आडनावही धड आठवत नाही. माझं म्हणणं थोडक्यात असं आहे: शिबिरात सगळ्यांनी मिळून करायचं खरं, अंगमेहनतीचं काम हवं, त्यात मुलाबरोबर त्याचं घर यायला हवं, आणि तीच माणसं त्याच जागी पुन्हा पुन्हा भेटायला हवीत. यातलं एकही सुटलं तरी खर्च मंडपावर होतो.

नुसतं एकत्र जेवल्याने माणसं जवळ येतात, हा समज तपासून पाहिलेला आहे. अमेरिकेत ओक्लाहोमा राज्यात १९५४ च्या उन्हाळ्यात मुझफर शरीफ या तुर्की-अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने अकरा-बारा वर्षांच्या २२ मुलांचं शिबिर भरवलं. मुलं एकाच धर्माची, एकाच थराची, सारखी वाढलेली. त्यांचे दोन गट केले, चुरशीचे सामने लावले, आणि काही दिवसांत मुलं एकमेकांचे झेंडे जाळू लागली, खोल्यांवर धाडी घालू लागली. मग त्यांना एका भोजनगृहात जेवायला बसवलं, एकत्र चित्रपट दाखवले. भांडण मिटलं नाही, उलट जेवताना एकमेकांवर अन्न फेकायची नवी संधी मिळाली. फरक पडला तो पुढे. पिण्याच्या पाण्याचा पुरवठा बंद पडला आणि बिघाड सगळ्यांनी मिळून शोधावा लागला. जेवण आणायला निघालेला ट्रक चालू होईना, तेव्हा दोन्ही गटांनी दोर लावून तो ओढला. दोर तोच, ज्याने ते आधी रस्सीखेच खेळले होते. हे बिघाड मुद्दाम घडवून आणलेले होते. मुलांना न सांगता असं करणं योग्य होतं का, यावर पुढे बरीच टीका झाली आणि ती रास्त आहे. पण दोराची गोष्ट मला शिबिरात दरवर्षी नव्याने खरी झालेली दिसली.

आमचा दोर म्हणजे वनराई बंधारा. सिमेंटच्या रिकाम्या गोण्या गोळा करायच्या, ओढ्याच्या कडेला माती-वाळू भरायची, तोंड शिवायचं आणि माणसांची साखळी करून त्या गोण्या प्रवाहात आडव्या रचायच्या. मोहन धारिया यांच्या 'वनराई' संस्थेमुळे हा बंधारा महाराष्ट्रात गावोगावी गेला. भरलेली गोणी एकट्याने फार वेळ हातात धरता येत नाही. शेजारच्याने ती वेळेवर घेतली नाही तर ती पायावर पडते. त्यामुळे साखळीत उभं राहिलेल्या माणसाला शेजाऱ्याकडे बघावंच लागतं, त्याचा वेग ओळखावा लागतो, 'थांब, अजून हात मोकळा नाही' हे मोठ्याने सांगावं लागतं. दुसऱ्या दिवसापर्यंत नावं पाठ होतात, तिसऱ्या दिवसापर्यंत टोपणनावं पडतात. 'बौद्धिका'च्या तासाला जी मुलं एकमेकांपासून चार हात लांब बसलेली असत, तीच संध्याकाळी एकमेकांच्या तळहातावरचे फोड मोजताना मी पाहिली आहेत.

ही कल्पना आपल्यासाठी परकी नाही, आणि जगासाठी नवीही नाही. पहिलं महायुद्ध संपल्यावर १९२० मध्ये पिएर सेरेसोल या स्विस अभियंत्याने फ्रान्समध्ये व्हर्दनजवळच्या एका उद्ध्वस्त गावात लोकांना घरं बांधायला नेलं आणि त्या तुकडीत जर्मन माणसंही होती. कालपर्यंत शत्रू असलेल्यांनी त्याच मातीत घर बांधायला यावं, हे गावातल्या सगळ्यांना पचलं नाही, पण त्या तुकडीतून आंतरराष्ट्रीय सेवाशिबिरांची चळवळ उभी राहिली. हेच सेरेसोल १९३४ च्या भूकंपानंतर बिहारमध्ये येऊन राबले. आपल्याकडे राष्ट्र सेवा दल पुण्यातच ४ जून १९४१ ला उभं राहिलं. बाबा आमट्यांच्या सोमनाथच्या श्रमसंस्कार छावणीत मे महिन्याच्या उन्हात घमेली उचलून आलेली माणसं आज पन्नाशी-साठीत आहेत, आणि त्या आठवड्याबद्दल अजून काल घडल्यासारखं बोलतात.

जोतीरावांचं एक मागणं मला या संदर्भात सारखं आठवतं. आयुष्याच्या अखेरीला लिहिलेल्या आणि निधनानंतर १८९१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पुस्तकात त्यांनी असं घर कल्पिलं, की बाई बौद्ध होईल, नवरा ख्रिस्ती होईल, मुलगी मुसलमान होईल, मुलगा सार्वजनिक सत्यधर्मी होईल आणि तरीही सगळे एका छपराखाली प्रेमाने राहतील. आपण सव्वाशेहून अधिक वर्षांनंतर एका घराची नाही, एका आठवड्याच्या छपराची गोष्ट करतो आहोत. मागणं फार मोठं नाही.

आता पुण्याकडे बघू. नाना पेठ, रास्ता पेठ, भवानी पेठ, कॅम्प या चार भागांत अर्धा दिवस पायी फिरलं तर पालखीच्या मुक्कामाची विठोबाची देवळं, अग्यारी, पेशवाईच्या काळात मिळालेल्या जागेवरचं चर्च, बेने इस्रायलींचं, म्हणजे मराठी बोलणाऱ्या ज्यूंचं प्रार्थनास्थळ, 'लाल देऊळ' म्हणून ओळखलं जाणारं १८६७ चं ज्यूंचं सिनेगॉग, गुरुद्वारा आणि मशिदी असं सगळं लागतं. देहूहून निघालेली तुकोबांची पालखी पहिल्यांदा अनगडशाह बाबांच्या दर्ग्यापाशी थांबते. हे सारं अभिमानाने सांगावं असंच आहे. पण या आठवणी नव्या पुण्याला पुरत नाहीत. जुन्या पेठांत एका गल्लीत राहणारी माणसं गेल्या तीस-चाळीस वर्षांत उपनगरांतल्या सोसायट्यांमध्ये वेगवेगळी विखुरली. कोथरूडला वाढलेला मुलगा बारावीपर्यंत एकाही मुस्लीम घरात चहा न पिता मोठा होऊ शकतो. कोंढव्यातल्या मुस्लीम मुलीचंही हिंदू घरांच्या बाबतीत तसंच होऊ शकतं. दोघं एकमेकांना ओळखतात ती मोबाइलवर आलेल्या मजकुरातून.

या मजकुराने काय होतं हे या शहराने पाहिलं आहे. जून २०१४ मध्ये फेसबुकवरच्या विटंबनेच्या चित्रांवरून वातावरण तापलेलं असताना हडपसरला एका तरुण मुस्लीम संगणक व्यावसायिकाला जमावाने मारून टाकलं. त्या चित्रांशी त्याचा काडीचाही संबंध नव्हता. याच भागात, ससाणे मळ्यात, १८९७ च्या प्लेगमध्ये सावित्रीबाई आणि त्यांचा मुलगा यशवंत रोग्यांची सेवा करत होते आणि त्या सेवेतच सावित्रीबाई गेल्या. शहराच्या एकाच कोपऱ्यात या दोन्ही गोष्टी घडल्या आहेत, आणि तिथल्या किती शाळकरी मुलांना दोन्ही माहीत असतील, याची मला खंत वाटते.

एक गोष्ट इथे स्पष्ट बोलायला हवी. सेवाशिबिर म्हटलं की आपली गाडी वस्तीकडे वळते. सोसायटीतली मुलं वस्तीत जाणार, झाडू मारणार, वह्या वाटणार. पण २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबिल ओढ्याला पूर आला, तेव्हा अरण्येश्वर, टांगेवाला कॉलनी, दांडेकर पूल या पट्ट्यातल्या वस्त्यांमध्ये गाळ काढायला गेलेल्या कुणालाही दिसलं असेल, की तिथे हिंदू, मुस्लीम, बौद्ध घरं भिंतीला भिंत लावून राहतात. पाणी चढताना कुणी कुणाच्या म्हातारीला पत्र्यावर चढवलं, हे तिथे विचारावं लागत नव्हतं, लोक आपणहून सांगत होते. त्या वस्तीला एकोप्याचे धडे द्यायला सोसायटीने जाणं म्हणजे उलटी गंगा आहे. तिथे जायचं तर शिकायला जावं. कचऱ्याचं काम करायचं असेल तर त्या दिवशी शिबिराची प्रमुख कचरावेचक बाई असावी. कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत ही कचरावेचकांची संघटना १९९३ पासून आणि पुढे 'स्वच्छ' सहकारी संस्था ज्या हजारो बायकांच्या श्रमावर उभी आहे, त्यांना ओला, सुका, घातक कचरा हातात घेताच कळतो. प्राध्यापकांनी आणि अभियंत्यांनी तासभर तिचं ऐकावं, ती सांगेल तसं वेगळं करावं. एक जण देणारा आणि दुसरा घेणारा, अशी विभागणी राहिली की त्यात मैत्रीला जागा उरत नाही.

पुन्हा स्वयंपाकाकडे येते, कारण शिबिरं मोडतात ती इथे. पुण्यातल्या पन्नास माणसांच्या मिश्र शिबिरात काय काय असतं बघा. जैन कुटुंबाला कांदा-लसूण, बटाटा-गाजर नको आणि सूर्यास्तानंतर जेवण नको. माळकरी घराला मांसाहाराच्या भांड्यात शिजलेलं चालत नाही. मुस्लीम घराला हलाल नसलेलं मांस चालत नाही. कुणाचा गुरुवार, कुणाचा शनिवार, कुणाची एकादशी. बहुतेक आयोजक यातून सोपी वाट काढतात: 'आम्ही शुद्ध शाकाहारी ठेवलंय, कुणालाच अडचण नको.' रोजचं जेवण शाकाहारी असावं हे मलाही मान्य आहे. पिठलं-भाकरी, आमटी-भात, उसळ स्वस्त पडते, मोठ्या पातेल्यात होते आणि सगळ्यांना खाता येते. पण त्याला 'शुद्ध' म्हणू नये. तो शब्द ऐकल्याबरोबर मांस खाणाऱ्या मुलाला, मग तो मुस्लीम असो, ख्रिस्ती असो, बौद्ध असो की मराठा, कळतं की आपलं घर इथे अशुद्ध धरलेलं आहे. सात दिवसांत एका दुपारी, वेगळ्या चुलीवर, वेगळ्या भांड्यांत, हलाल मटणाचा रस्सा होऊ द्यावा. ज्याला खायचंय त्याने खावा, ज्याला नाही त्याने झाडाखाली दही-भात खावा, आणि कुणी नाकाला रुमाल लावू नये. ही एक दुपार नीट पार पडली तर त्या शिबिराला दहा व्याख्यानांची गरज नाही.

आणि पाळ्या धर्मावर पाडू नयेत. 'आज मुस्लीम बहिणी बिर्याणी करतील, उद्या महाराष्ट्रीय भगिनी पुरणपोळी' हे मी एका शिबिरात पाहिलं आणि मला वाईट वाटलं. 'महाराष्ट्रीय' शब्दातून त्या बहिणी वगळल्याच गेल्या होत्या, त्यांच्या पाच पिढ्या पुणे जिल्ह्यातल्या असूनही. शिवाय राबल्या त्या बायकाच. पाळीचे गट चिठ्ठ्या टाकून पाडावेत आणि त्यात बाप आणि मुलगे असावेत. भाकरी थापता न येणारा कॅम्पमधला ख्रिस्ती काका आणि भाकरी थापता न येणारा कर्वेनगरचा काका एका परातीपाशी बसले, की आधी पिठाचं पाणी ठरतं आणि गप्पा आपोआप सुरू होतात.

वेळेचंही असंच. पुण्यात श्रमदान म्हटलं की रविवारी सकाळी सातला टेकडीवर. वेताळ टेकडी असो की तळजाई, वेळ तीच. रविवारी सकाळी ख्रिस्ती घरं चर्चला जातात, हे आयोजकांच्या ध्यानातही येत नाही. ती कुटुंबं तक्रार करत नाहीत, फक्त येत नाहीत, आणि आपण म्हणतो, 'त्यांना बोलावलं होतं.' शुक्रवारी दुपारी जुम्मा, शनिवारी बेने इस्रायलींचा शब्बाथ. माझ्या हिशेबाने उरते रविवारची दुपार, तीन ते सहा. मध्ये असरची, म्हणजे दुपार कलल्यावरची नमाज येते, ती दहा मिनिटांची. चहाची सुट्टी नेमकी तेव्हाच द्यावी आणि एक चटई कायम सामानात असावी.

कुटुंब का हवं, ते सांगते. एकटा मुलगा शिबिरातून बदलून घरी गेला की घर त्याला तासाभरात जुन्या जागी बसवतं. 'त्यांच्यात जास्त मिसळू नकोस' हे वाक्य आपल्याकडे दोन्ही बाजूंच्या स्वयंपाकघरांत बोललं जातं. मुलीच्या बाबतीत तर भीती आणखी मोठी असते, आणि अलीकडे ती भीती पेटवणारे खूप झाले आहेत. त्या भीतीवर भाषण हा उपाय नाही. आईने स्वतः येऊन बघावं, आपली मुलगी कुणाबरोबर गोण्या शिवते आहे, त्याची आई कशी बोलते, आजी काय औषध घेते. दोन्ही घरच्या आज्या एका ओसरीवर भाजी निवडत बसल्या, की निम्म्याहून अधिक शंका तिथेच निवडल्या जातात.

आक्षेप आहेत, आणि त्यातले दोन मला खरे वाटतात. पहिला: घर भाड्याने देताना आडनाव विचारून नकार देणारं शहर आठवड्याच्या शिबिराने सुधारणार आहे का? नाही. त्यासाठी कायदा हवा, पोलीस ठाण्यात तक्रार घेणारा माणूस हवा, सोसायटीच्या सभेत उभं राहून बोलणारे सभासद हवेत. शिबिर हे त्याऐवजी करायचं काम नाही. पण सभेत उभे राहणारे ते सभासद कुठून येतील, याचं उत्तर शिबिरात थोडंफार आहे. दुसरा आक्षेप एका विद्यार्थ्याने माझ्या तोंडावर घेतला होता. 'मॅडम, प्रत्येक कार्यक्रमात एकात्मतेवर बोलायला मलाच का उठवता? मला पंप दुरुस्त करता येतो, ते कुणी विचारत नाही.' त्याचं नाव मुस्लीम होतं. माझी चूक होती. तेव्हापासून मी एक नियम पाळला: शिबिरात कुणीही आपल्या धर्माच्या वतीने बोलणार नाही. विचारलं तर आपल्या घरात काय करतात तेवढं सांगायचं.

तिसरी मर्यादा संशोधकांनी दाखवली आहे आणि ती मी सर्वांत गंभीर धरते. इराकमध्ये इसिसच्या अत्याचारांनी घरदार सोडावं लागलेल्या ख्रिस्ती तरुणांच्या काही फुटबॉल संघांत मुस्लीम खेळाडू घेतले गेले. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात दिसलं, की ती मुलं पुढेही मुस्लीम खेळाडूंबरोबर सराव करत राहिली, त्यांना खिलाडूपणाच्या पुरस्कारासाठी मतं देऊ लागली. पण मैदानाबाहेरच्या अनोळखी मुस्लिमांबद्दलचं त्यांचं वागणं फारसं बदललं नाही. उत्तर प्रदेशातल्या खेड्यांत बाराशेहून अधिक तरुणांबरोबर झालेल्या क्रिकेटच्या अभ्यासाने दुसरी बाजू दाखवली: वेगवेगळ्या जातींची मुलं एका संघात खेळली तर जातीबाहेरची मैत्री वाढली, विरुद्ध संघांत खेळली तर ती घटली. म्हणून महाविद्यालया-महाविद्यालयांत 'एकात्मता चषक' भरवू नयेत असं मी म्हणते. खेळायचंच तर संघ मिसळून करावेत. आणि ओळख मैदानाबाहेर न्यायची तर मैदानाबाहेरच, म्हणजे घरात, बाजारात, ओढ्याकाठी, वर्षभर भेटायला हवं.

याचं महाराष्ट्रातलं उदाहरण भिवंडीचं आहे. १९७० आणि १९८४ च्या दंगलींनी होरपळलेल्या त्या गावात १९८८ मध्ये पोलीस उपायुक्त म्हणून आलेल्या सुरेश खोपडे यांनी मोहल्ला समित्या बांधल्या. दोन्ही धर्मांची शेजारपाजारची साधी माणसं नियमित भेटत राहिली, नळाच्या, गटाराच्या, भांडणाच्या गोष्टी बोलत राहिली. डिसेंबर १९९२ मध्ये आणि जानेवारी १९९३ मध्ये मुंबई जळत असताना भिवंडी शांत राहिली. अफवा आली तेव्हा ती खरी की खोटी हे विचारायला पलीकडच्या गल्लीत ओळखीचा माणूस होता. शिबिराचं फलित मोजायचं तर मी याच मापाने मोजेन. मुलाच्या मोबाइलमध्ये पलीकडच्या धर्माच्या अशा किती जणांचे नंबर आहेत, ज्यांना तो रात्री अकरा वाजता बिनधास्त फोन करेल? २५ जुलै २०२४ च्या सकाळी खडकवासल्यातून सोडलेलं पाणी सिंहगड रस्त्यावरच्या एकतानगरीत शिरलं, तेव्हा माझ्या जुन्या विद्यार्थ्यांच्या गटावर पहिला निरोप आला तो 'पंप कुणाकडे आहे?' असा. उत्तर देणारा मुलगा तोच, ज्याला मी एकात्मतेवर बोलायला उठवत असे.

करायला फार नवं काही लागत नाही. राष्ट्रीय सेवा योजना २४ सप्टेंबर १९६९ ला ३७ विद्यापीठांत सुरू झाली. सत्यशोधक समाजाची स्थापनाही २४ सप्टेंबरचीच, १८७३ ची, पुण्यातली. योजनेत विद्यार्थ्याला वर्षाला १२० तास काम आणि सात दिवसांचं विशेष शिबिर आधीपासूनच आहे. अडचण अशी, की एका महाविद्यालयाचं पथक बहुधा एकाच भागातलं, एकाच रंगाचं असतं आणि तसंच दत्तक गावाला जाऊन येतं. विद्यापीठाने एवढंच करावं: शहराच्या दोन टोकांच्या दोन महाविद्यालयांची जोडी लावावी आणि दोघांचं शिबिर एकत्र, एकाच गावात, निम्मी-निम्मी मुलं घेऊन घ्यावं. शिबिराचे शेवटचे दोन दिवस कुटुंबांसाठी खुले ठेवावेत. नंतर वर्षभर, महिन्यातून एका रविवारी दुपारी, त्याच मुलांनी आणि घरांनी शहरातल्या एकाच ठरलेल्या जागी, ओढा, टेकडी किंवा शाळा, काम करावं. तास तेच भरायचे आहेत, वेगळा निधीही लागत नाही. बॅनर छापू नये, पाहुणे बोलावू नयेत, आणि पहिले सहा महिने फोटोही नकोत.

सुरुवात पालकसभेपासून व्हावी. दोन्ही महाविद्यालयांच्या कार्यक्रम अधिकाऱ्यांनी ती एकत्रच घ्यावी, खुर्च्या गोल मांडाव्यात, म्हणजे कुणाला जिन्यात गाठून विचारावं लागणार नाही. संडासच्या कड्या आदल्या आठवड्यात स्वतः जाऊन बघून याव्यात. स्वयंपाकाच्या पाळ्यांचा कागद सभेआधीच फळ्यावर लावलेला असावा, आणि त्यावर पहिल्या दिवशीच्या रकान्यात चार वडिलांची नावं असावीत.